भरल्या पोटाचं वजन

गेल्या हिवाळ्यात मी अमरावती-अकोल्याकडे आठ दिवस काढून आले. हे सांगितलं की पुण्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "चिखलदऱ्याला गेलात की नाही?" नाही गेले. परतवाड्याहून डोंगर दिसले, तिथली कॉफी एका दुकानात पुडीत बांधलेली मिळाली, तेवढ्यावर भागवलं. मी गेले होते एक कागद वाचून दाखवायला.

मी भाषांतरं करते. औषधाच्या खोक्यातली घडी, विम्याच्या अटी, मिक्सरबरोबर येणारी पुस्तिका, असलं साहित्य. इतक्या वर्षांत माझं लेखन कुणी वाचल्याची तक्रार आली नव्हती. मग एक दिवस अमरावतीहून डॉ. गावंडे यांचा फोन आला. ते लहान मुलांच्या वाढीवर एक मोठा अभ्यास करत होते आणि त्यातल्या संमतिपत्राचं मराठी माझं होतं. "मॅडम, सगळे सह्या करतात," ते म्हणाले, "पण एकही बाई एकही प्रश्न विचारत नाही. मला याची भीती वाटते. तुम्ही येऊन त्यांच्यासोबत एकदा वाचाल का?"

आपला मजकूर समजत नाही म्हणून कुणीतरी तिकीट काढून बोलावतंय, हा सन्मान लेखकाच्या वाट्याला रोज येत नाही. मी गेले.

अमरावती

अभ्यास समजायला सोपा होता. दोन जिल्ह्यांतली, हातावर पोट असलेल्या घरांतली पाच वर्षांखालची मुलं. वर्षातून तीनदा त्यांचं वजन आणि उंची मोजायची. वजन एका ठराविक रेषेखाली गेलं, की त्या मुलाला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करायच्या. गाडी, औषधं, सोबतच्या माणसाचं जेवण, सगळं अभ्यासाकडून. रेषेच्या वर असलेल्यांची फक्त नोंद. शिवाय वरून पत्र आलं होतं की संशोधन नुसतं लोकांवर करू नका, लोकांसोबत करा. म्हणून एक 'कुटुंब सल्लागार गट' नेमला होता, आणि माझ्या आगमनाचा मुहूर्त साधून त्याचं उद्घाटन ठेवलं होतं.

सभागृहात 'लोकसहभागातून आरोग्य' असा फलक होता. मंचावर नऊ खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. नऊंपैकी एकाही खुर्चीवर कुटुंब नव्हतं. कुटुंबांची सोय शेवटून दुसऱ्या रांगेत होती, कारण पुढच्या रांगा निमंत्रितांच्या. तिथेही आठ जागांवर तीनच बाया. उरलेल्या का आल्या नाहीत, असं मी विचारलं तेव्हा त्या तिघींतली एक म्हणाली, "बाजार हाये नं आज. भाजी काय सभागृहात विकाव?" भाजीपाला पिकवणाऱ्या घरांची बैठक बाजाराच्या दिवशी ठेवायची, यासाठी खरोखर समिती लागते.

पंख्यामुळे समई लागेना. पंखा बंद केला तेव्हा पाहुण्यांना उकडायला लागलं. मला शाल आणि नारळ मिळाला, आणि सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ डॉक्टर' अशी करून दिली. मी मान हलवून नाही म्हणाले. ते विनयात जमा झालं.

डॉ. गावंडे मात्र या सगळ्यात अंग चोरून बसले होते. चाळिशीचे, अचलपूरकडचे, मंचावर पुस्तकी मराठी बोलणारे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गिला वडा खायला नेलं. डाळीचा वडा दह्यात बुडवून वर तिखट चटणी, हा प्रकार आपल्याकडच्या दहीवड्याचा चुलतभाऊ. पण आपला दहीवडा कार्यालयात नोकरी करतो आणि हा शेतात राबतो. वडा खाता खाता डॉक्टरांनी मोबाइलवर एक आलेख दाखवला.

"हे बघा. परतवाड्याकडची ही चार-पाच गावं. घरं तितकीच गरीब, पण मुलांची वजनं रेषेच्या थोडी वर. मला वाटतं, भाजीपाल्याचं कारण असावं. पिकवतात, तर थोडं मुलांच्या ताटातही जात असणार. यावर एक लेख लिहितोय."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी आलेख समजल्यासारखी मान हलवली.

परतवाड्याकडे

परतवाड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. संत्र्यांचा बहर होता. रस्त्याकडेला ढीग, ढिगापाशी खोकी, खोक्यांवर बसलेली माणसं. जीपमध्ये माझ्या शेजारच्या बाईंनी ओळखपाळख नसताना एक सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "काहून आल्या इकडे?" पुण्यात कुणी इतक्या थेट 'का आलात' म्हटलं तर आपण परतीची गाडी बघू. इथे त्याचा अर्थ 'सरकून बसा, सांगा' एवढाच असतो. हे कळायला मला दोन दिवस लागले. संत्रं मात्र लगेच कळलं.

गाव डोंगराच्या अलीकडे, काळ्या जमिनीत. मला संगीताताईंच्या घरी जायचं होतं. सल्लागार गटात त्यांचं नाव होतं, आणि उद्घाटनाला न आलेल्यांत त्या होत्या. एकरभर वावर, त्यात मेथी, वांगी आणि सांभार. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. 'सांभार घालू का?' असं विचारल्यावर मी इडलीची वाट बघत बसले, हा अपघात पहिल्याच जेवणात झाला.

अंगणात संगीताताई आणि त्यांची सासू मेथीच्या जुड्या बांधत होत्या. उंबऱ्यात एक मुलगी बसली होती, साडेतीन-चार वर्षांची. श्रावणी. नवा स्वेटर, पायांत चांदीची जाड कडी. पाहुणी आली म्हणून ती उठली, अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आली, आणि तेवढ्यानेच धाप लागून आजीच्या पाठीला टेकली.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "डॉक्टरीणबाई, हा गुडघा पाहा बरं पहिले. लय दिसापासून ठणकून राहिला."

"आजी, मी डॉक्टर नाही."

"त्या दिवशी शाल देल्ली नं तुमाले? फोटो पाह्यला आमी मोबाइलवर."

"शाल दिली, पण डॉक्टर नाही. मी कागदाचं मराठी करते."

"मंग शाल कायची?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. त्यांनी लुगडं खाली केलं आणि माझ्यातला रस सोडून दिला. मात्र संगीताताईंनी हातातली जुडी खाली ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

चहा न विचारता आला. मागोमाग भाकर, बेसन म्हणजे आपलं पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. आपल्याकडे 'जेवून जा' हे वाक्य दारात, चपला घालताना म्हणायची रीत आहे. इथे पाहुणा बसायच्या आधी ताट येतं. "उपाशी माणूस या घरातून बाहेर जात नसते," सासूबाई म्हणाल्या. मी ते आदरातिथ्य म्हणून ऐकलं. त्यातच डॉ. गावंडे यांच्या आलेखाचं उत्तर होतं, पण ते मला जेवण झाल्यावर मिळालं.

सासूबाई गुरांकडे गेल्या आणि मी कागद काढला. "सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून..." मी वाचायला लागले. स्वतःचं वाक्य अंगणात मोठ्याने वाचताना किती लाज वाटते, हे प्रत्येक भाषांतरकाराने एकदा अनुभवावं. संगीताताई ऐकत होत्या आणि बांधलेल्या मेथीवर हाताने पाणी शिंपडत होत्या.

"...आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता या अभ्यासातून बाहेर पडू शकता."

"थांबा जी," त्या म्हणाल्या. "थे बाहेर पडाचं वाचा पुन्हा."

मी वाचलं.

"बाहेर पडता येते, थे समजलं. अन् खोटं केलं असन, तं परत आत येता येते का?"

"खोटं म्हणजे?"

त्यांनी गोठ्याकडे नजर टाकली. "तुमी डॉक्टर नाई नं?"

"नाही."

"नक्की?"

"आजींचा गुडघा साक्षी आहे."

त्या हसल्या. मग ओली जुडी उचलून माझ्या हातात दिली. "मेथीवर पाणी काहून मारतो आमी? ताजी दिसते म्हणून. अन् जराक जड बी भरते. माह्या पोरीचं बी मी तसंच केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अभ्यासाची माणसं येतात तेव्हा मोजणी देवळाच्या ओट्यावर होते. सगळ्या बाया जमलेल्या असतात. मशीनवरचा आकडा एक जण मोठ्याने वाचतो, म्हणजे दुसऱ्याला लिहिता येतो. आणि तो आकडा मुलाचा नसतो, आईचा असतो. कमी आला की मागून कुणीतरी म्हणतंच, "माय खाऊ घालत नाई वाट्टे." मोजणीच्या दिवशी सकाळी श्रावणीला भाकर कुस्करून, वर दोन केळी, वर तांब्याभर पाणी. अंगात स्वेटर. पायांत कडी. तिन्ही वेळा ती रेषेच्या बोटभर वर राहिली. त्या तिन्ही दिवशी संगीताताईंनी सुटकेचा श्वास सोडला.

"मले वाटे, कमी भरली तं इज्जत जाते. खाली भरली का दवाखान्यात नेतात, तपासतात, हे मले कोणी सांगितलंच नाई. परवा पलीकडच्या गावची बाई बाजारात भेटली, तिच्या पोट्ट्याले नेलं, तवा समजलं."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. दवाखान्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर, 'संदर्भसेवा' या शब्दाखाली. शब्द माझा होता.

"ही खेळत नाई जी," त्या उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या. "बाकीचे पोट्टे पळतात, ही बसते. काहीतरी हाये. मायले समजते."

"तुम्ही डॉक्टरांना सांगा ना सरळ."

"खोटारडी म्हणतीन. यादीतून नाव काढतीन आमचं. मंग दवाखाना बी गेला." त्यांनी पुन्हा पाणी शिंपडलं. "अन् मी एकटी थोडीच हाय. सगळ्याच करतात."

म्हणजे गावातली सगळी मुलं दोन-दोन केळ्यांनी जड होती, आणि त्या केळ्यांवर अमरावतीत एक लेख उभा राहत होता. मला हसू येऊ नये म्हणून मी श्रावणीकडे बघितलं. मग आपोआप आलं नाही.

"मी सांगू का डॉक्टरांना? तुमचं नाव न घेता?"

"गावात कोणाची पोरगी धापा टाकते, थे काय त्यायले समजणार नाई?" त्या म्हणाल्या. "नका सांगू. तुमी फक्त थे कागदात पाहा. परत आत येता येते का, थे."

मी तीनही पानं पाहिली. नव्हतं. बाहेर पडण्याचे रस्ते भरपूर होते. आत येण्याचा एकच, सुरुवातीचा. निघताना त्यांनी मला मेथीची जुडी दिली. ओली होती, त्या स्वतःच म्हणाल्या, "झटकून घ्या, खरं वजन पाह्यजे असन तं."

अकोला

अंजनगाव, अकोट करत अकोल्याला पोचले. वाटेत दोन्हीकडे तूर उभी होती आणि पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, शेवटची बोंडं. अकोल्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की उन्हाळ्यात वर्तमानपत्रं तिथला पारा पहिल्या पानावर छापतात. हिवाळ्यातल्या दुपारीही ऊन असं पडलं होतं, की सराव चालू असावा.

सल्लागार गटाची पहिली खरी बैठक तिथे होती, एका शाळेच्या वर्गात. या वेळी बाजार नसलेला दिवस डॉक्टरांनी विचारून ठरवला होता. टॉवेल नव्हते. बाकं गोल लावली होती, भिंतीवर प्रोजेक्टरने डॉक्टरांचा आलेख पडला होता, आणि कोपऱ्यात वजनाचं मशीन ठेवलं होतं, 'मोजणी कशी होते' हे दाखवायला.

आदल्या संध्याकाळी डॉक्टर मला पुन्हा आलेखाबद्दल सांगत होते. लेखाला नाव सुचलं होतं. संगीताताईंनी सांगू नका म्हटलं होतं, म्हणून मी एवढंच विचारलं, "तुम्ही मोजणीच्या वेळी काय मोजता?" ते म्हणाले, "वजन." मी म्हटलं, "कशाचं?" त्यांनी माझ्याकडे, पुण्याच्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. विषय तिथेच संपला, आणि मला नीट झोप लागली नाही.

बैठकीला दोन्ही जिल्ह्यांतल्या आठही बाया आल्या. संगीताताई सर्वांत शेवटी, पहिल्या एसटीने अकोट गाठून तिथून दुसरी. सोबत सासूबाई, त्यांच्या हातात कापडात बांधलेला डबा. आणि कडेवर श्रावणी. स्वेटर नव्हता. पाय मोकळे होते.

डॉक्टरांनी सुरुवात केली. "भगिनींनो, आपल्या अमूल्य सहभागामुळे..."

"सर," संगीताताई उभ्या राहिल्या. "माह्यी पोरगी मोजा."

"ताई, मोजणी आज नाही. आज फक्त—"

"आज मोजा. आज हिले काहीच देल्लं नाई. सकाळपासून चूळभर पाणी. कडे घरी काढून ठेवले, स्वेटर बी नाई. पहिले तिन्ही वेळा मी खाऊ घालून, पाणी पाजून आणली होती. जड भराव म्हणून." त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "थे आकडे खोटे हायेत. नाव काढाचं असन तं काढा, पण हिले तपासा."

मग डॉक्टरांच्या तोंडून पुस्तकी मराठी गळून पडलं. "माय व, हे मले पहिले काहून नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी? तुमी तं मोजलं."

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता सुनेचं काही खरं नाही. त्यांनी डबा बाकावर ठेवला. "तिले काहून बोलता? केळं मी चारत होती. लेकराले उपाशी घराबाहेर काढत असते का कोणी? तुह्या मायनं बी तुले उपाशी मोजलं नसतं." डॉक्टर खाली बघायला लागले. म्हातारीने आता बाकीच्या बायांकडे मोर्चा वळवला. "अन् तुमी काय गुमान बसल्या? तुमचे लेकरं काय हवा खाऊन आले होते?"

अकोल्याकडची एक फूलशेतीवाली बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आमी दूध पाजतो जी. पेलाभर."

"माह्या पोराच्या खिशात गोट्या राहून गेल्त्या एक डाव," दुसरी म्हणाली. "मी काढल्या नाई. म्हटलं, राहू दे."

मग सगळ्याच बोलायला लागल्या. वर्षभर ज्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता, त्या बाया डॉक्टरांना विचारत होत्या. आकडा मोठ्यानं काहून वाचता? सकाळी लवकर काहून येत नाई, लेकरं उठतात तवा? सगळ्याइच्या समोर कायले मोजता? डॉक्टर लिहून घेत होते. आलेख भिंतीवर तसाच चमकत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मध्येच डॉक्टरांनी उठून तो स्वतःच बंद केला.

त्यांनी मशीन उचलून दुसऱ्या कोपऱ्यात, उभ्या फळ्याच्या मागे नेलं. संगीताताई श्रावणीला घेऊन गेल्या. आम्ही फळ्याच्या अलीकडे. कुणी आकडा वाचला नाही. डॉक्टरांनी तो एका चिठ्ठीवर लिहिला, घडी केली आणि फक्त आईच्या हातात दिली. फळ्याच्या पुढे येऊन संगीताताईंनी ती उघडली.

"खाली हाये का?"

"खाली हाये. बरीच."

संगीताताईंनी चिठ्ठी मुठीत धरली. आपलं मूल कमी भरलं हे ऐकून कुणाचे खांदे सैल पडताना मी आधी कधी पाहिले नव्हते. "उद्या येऊ का अमरावतीले?"

"उद्या गाडी येईन घरी. अन् मागचं कोणी काही म्हणणार नाई."

"हे कागदावर लिहा," संगीताताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुमी लिहा. तुमचंच काम हाय नं थे?"

सासूबाईंनी तोवर डबा उघडला होता. श्रावणी आजीच्या मांडीवर बसून बेसन-भाकर खात होती, दोन दिवसांची भूक असल्यासारखी. मधेच दमून थांबत होती, आणि पुन्हा खात होती.

दुपारभर आम्ही तो कागद पुन्हा लिहिला. 'संदर्भसेवा' गेली, दवाखाना पहिल्या पानावर आला. 'ऐच्छिक'च्या जागी 'तुमच्या मनावर' आलं. आणि शेवटी एक नवं वाक्य, जे आठ बायांनी भांडून ठरवलं: "मागच्या वेळी काही वेगळं सांगितलं किंवा केलं असेल, तर कधीही येऊन खरं सांगा. मुलाची तपासणी थांबणार नाही. कोणी रागावणार नाही."

कागदाला मंजुरी देणाऱ्या समितीने नंतर कळवलं की 'कोणी रागावणार नाही' हे शास्त्रीय विधान नसल्यामुळे काढावं. डॉ. गावंडे यांनी उलट लिहिलं की अभ्यासातलं हे एकमेव विधान आहे जे लोकांनी तपासून घेतलं आहे. ते राहिलं. त्यांचा भाजीपाल्याचा लेख मात्र राहिला नाही. त्यांनी तो स्वतःच रद्द केला, आणि सगळी वजनं पहिल्यापासून, सकाळी, घरोघरी जाऊन पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

पुण्यात परतल्यावर ती शाल मी कपाटात ठेवली. मेथीची भाजी केली. झटकल्यावर जुडी खरंच हलकी निघाली.

श्रावणीला बरेच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. काय निघालं ते मला सांगितलं, पण त्याचं मराठी मला अजून नीट जमलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. औषध लागू पडलं एवढं खरं. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी संगीताताईंचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता आणि कुणीतरी धावत होतं.

"मॅडम, आज मोजलं जी. वाढली."

"किती?"

"थे मी सांगत नाई कोणाले," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, जसं एखादं मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं, "उपाशीपोटी मोजली."